बाबांच्या किडनीसाठी ‘स्मॉल आरएनए’ टेस्ट करावी का? साडेसात हजार सांगतायत

भांडुपची_लेक

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत किडनी तपासणीचा कॅम्प होता. गणपतीचा मंडप पडतो त्याच जागेवर टेबलं मांडली होती. बाबा साखर बघायला म्हणून खाली गेले आणि एक गुळगुळीत कागद घेऊन वर आले. कागदावर लिहिलंय की लघवीतल्या ‘स्मॉल आरएनए’वरून किडनी बिघडणार हे पाच वर्षं आधी कळतं. किंमत ७,५००, त्याच दिवशी नाव दिलं तर ६,०००. बाबांनी नाव दिलंय, पैसे अजून दिलेले नाहीत.

बाबा ६१ वर्षांचे. बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. डायबेटिस १४ वर्षांपासून. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी शेवटचं ८.१. किडनीसाठी रक्तात बघतात ते क्रिएटिनिन १.२, रिपोर्टवर नॉर्मल १.३ पर्यंत छापलंय, त्यामुळे आमचे डॉक्टर म्हणाले, ‘मस्त आहे’. सहा वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट सापडला, त्यात ०.९ होतं. लघवीच्या साध्या तपासणीत ‘अल्ब्युमिन ट्रेस’. मोठे काका डायलिसिसवर होते आणि त्यातच गेले, म्हणून बाबा घाबरलेत. बोलत नाहीत, पण तो कागद उशीखाली ठेवलाय.

ही टेस्ट खरी असते का? करून घ्यावी का?

संशयात्मा

लूट. कॅम्पवाल्यांचं एकच काम, घाबरवा आणि विका. कागदाची होडी करून मिठी नदीत सोडा.

ठाणे_लोकल

पण मायक्रो आरएनएला २०२४ चं नोबेल मिळालंय ना? म्हणजे काहीतरी असणारच की त्यात.

पिपेटवाली

लूट आहे असं मी म्हणणार नाही. आणि नोबेल मिळालं म्हणून सोसायटीच्या मंडपातली टेस्ट खरी, असंही नाही. परळच्या एका लॅबमध्ये मी नऊ वर्षं नेमकं हेच काम केलंय, लघवी आणि रक्तातून मायक्रो आरएनए काढण्याचं. डॉक्टर नाही मी, टेक्निशियन. आता ठाण्याला साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या पोस्टमध्ये सगळे आकडे आहेत आणि जो हवा तोच नाही. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, एसीआर. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, किडनी बिघडली की लघवीत झिरपतं. आमच्याकडे साडेचारशेला होतं. चौदा वर्षांच्या डायबेटिसमध्ये ते दर वर्षी व्हायला हवं. ‘ट्रेस’ म्हणजे लघवीत बुडवायच्या पट्टीचा रंग किंचित बदलला, बस. लघवी घट्ट असली तरी ट्रेस येतो आणि पातळ असली तर खरं अल्ब्युमिनही पट्टीला दिसत नाही. एसीआर त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनने भागून येतं, त्यामुळे बाबा पाणी किती प्यायले होते याने फार फरक पडत नाही.

आता स्मॉल आरएनए म्हणजे काय ते. पेशीत जनुकावरून प्रथिन बनवायची एक चिठ्ठी निघते, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. कागदावरच्या ‘स्मॉल आरएनए’तला मायक्रो आरएनए हा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो त्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो, मग प्रथिन कमी बनतं किंवा चिठ्ठीच फाडली जाते. १९९३ मध्ये ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना तो एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक जंतात सापडला. तेव्हा लोकांना वाटलं, जंताचं खूळ आहे, माणसाशी काय संबंध. पुढे तेच तुकडे माणसातही शेकड्यांनी निघाले.

किडनीवाल्यांना हे आवडायचं कारण साधं आहे. एरवी आरएनए बाहेर पडला की चुटकीसरशी नष्ट होतो. मायक्रो आरएनए मात्र प्रथिनाला धरून किंवा पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्यांत बसून लघवीत तग धरतो. म्हणजे किडनीत सुई न घालता आत काय चाललंय याची खबर बाटलीत येते. मिर-२१ (‘मिर’ म्हणजे मायक्रो आरएनए) हा किडनीत व्रण धरायला लागला की वाढतो. मिर-२९ हा व्रण ज्याचा बनतो त्या कोलॅजनला आवर घालणारा, व्रण धरताना तो कमी होतो. कागदावर इतकं छान दिसतं की आम्हालाही वाटायचं, बायोप्सीचे दिवस भरले.

मग माशी कुठे शिंकते? मिर-२१ फक्त किडनीचा नाही. कॅन्सरमध्ये वाढतो, हृदयाच्या त्रासात वाढतो. मिर-१९२ चं तर विचारूच नका. २००७ मध्ये डायबेटिस झालेल्या उंदरांच्या किडनीत तो वाढलेला दिसला आणि व्रण वाढवणारा ठरला. २०१० मध्ये माणसांच्या बायोप्सीत, डायबेटिसचीच किडनी, तो कमी झालेला दिसला आणि तो कमी होण्यानेच व्रण वाढतो असं निघालं. दोन्ही कामं चांगल्या लोकांची. कुठली पेशी बघितली, आजार कुठल्या टप्प्यावर होता, यावर उत्तर फिरतं. आता तुमच्या बाबांच्या रिपोर्टवर ‘मिर-१९२ कमी’ असं आलं, तर त्यावर मी रडू की हसू?

आणि हे झालं फक्त शास्त्र. खरी गंमत बाटली लॅबपर्यंत पोचेपर्यंत होते.

आम्ही विक्रोळीच्या एका दवाखान्यातून सकाळची सॅम्पल घ्यायचो. मी बर्फाची पेटी घेऊन लेडीज डब्यात, स्लो लोकल, परळला उतरायचं. एकदा टोपली घेतलेली एक कोळीण मावशी शेजारी बसली. पेटीकडे बघून म्हणाली, ‘कोलंबी हाय का गं? किती दिलीस?’ मी म्हटलं, ‘मावशी, मूत आहे पेशंटांचं.’ ती तीन स्टेशनं माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘बर्फ कमी घातलायस.’ खरं सांगते, बर्फ कमीच होता. त्या दिवशीची अकरा सॅम्पल वाया गेली. लघवी कोमट झाली की त्यातल्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा स्वतःचा आरएनए सगळ्यात मिसळतो. यंत्र निमूट आकडा देतं. तो किडनीचा की फुटलेल्या पेशीचा, हे त्याला विचारता येत नाही.

रक्ताचं आणखी वाईट. दंडाला पट्टा जास्त वेळ आवळला, ट्यूब जोरात हलवली, की लाल पेशी फुटतात. प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव, पिवळा असायला हवा तो गुलाबी दिसतो. लाल पेशी मिर-४५१ आणि मिर-१६ ने ठासून भरलेल्या असतात. आणि आमच्यासारखे कितीतरी लोक मिर-१६ हेच माप धरून बाकीचे मोजायचे. म्हणजे फूटपट्टीच रबराची.

पण माझ्या डोक्यातून न जाणारा प्रकार तिसराच आहे. डायलिसिसच्या ३० पेशंटांचं रक्त आणि ३० धडधाकट माणसांचं रक्त आम्ही तपासलं. पेशंटांचे सगळेच्या सगळे मायक्रो आरएनए खाली. पीसीआर म्हणजे नकला वाढवून मोजायची पद्धत, तिच्यात दर सायकलला माल दुप्पट होतो. धडधाकट लोकांचा सिग्नल २४ व्या सायकलला, तर पेशंटांचा २७ व्या. तीन सायकल म्हणजे आठपट कमी. सरांनी पेढे आणले. मी आलेख रंगवले, पेपर लिहायला घेतला.

आम्ही प्रत्येक ट्यूबमध्ये सारख्याच मापाने एक परका आरएनए टाकतो. तो त्याच जंताचा असतो, मिर-३९ म्हणतात, माणसात नसतो. सगळीकडे तो एकाच सायकलला दिसला पाहिजे. मी तो रकाना उघडलाच नव्हता, कारण बाकी सगळं छान जुळत होतं. एका शनिवारी दुपारी उघडला. पेशंटांच्या ट्यूबमध्ये जंताचा आरएनएसुद्धा तीन सायकल उशिरा.

जंताला काय किडनीचा आजार होता? रक्त डायलिसिसच्या नळीतून घेतलं होतं, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन सुरू झाल्यावर. हेपरिन पीसीआरच्या एन्झाइमचा गळा आवळतं. ट्यूब जांभळ्या टोपणाची, म्हणजे हेपरिन नसलेली, बरोबरच होती, पण हेपरिन पेशंटच्या रक्तातूनच आलं होतं. आठ महिने आम्ही आजार नाही, हेपरिन मोजत होतो. सर काही बोलले नाहीत. खाली टपरीवर गेले आणि दोन तासांनी वर आले.

तेव्हा कॅम्पवाल्याला एवढंच विचारा. सॅम्पल किती वाजता घेणार, किती वेळात गार करणार, कशाच्या तुलनेत मोजणार, आणि बाबांसारख्या किती जणांना पाच वर्षं पाठपुरावा करून हा आकडा तपासलाय. उत्तर आलं तर इथे टाका, मला खरंच ऐकायचंय.

मुलुंडचे_नाना

पिपेटवालीबाई, आमच्या हेपरिनने तुमचा पेपर खाल्ला तर! मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसतो, आज कळलं.

पोरी, माझंसुद्धा क्रिएटिनिन बरीच वर्षं ‘नॉर्मल’ होतं. १.१, मग १.२, मग १.३. रिपोर्टवर ठळक अक्षर आलं नाही म्हणून आम्ही खूश. एसीआर कुणी केलं नाही आणि मी विचारलं नाही. ठळक अक्षर आलं तेव्हा १.९ होतं. आणि एक विचारतो, बाबा गुडघ्यासाठी किंवा कमरेसाठी गोळ्या घेतात का? त्या पेनकिलर किडनीला बाधतात, आणि मी डायक्लोफेनॅक चणे-फुटाण्यासारखं खाल्लंय.

भांडुपची_लेक

नाना, अंगावर काटा आला. बाबा घेतात. डेपोच्या दिवसांपासून कंबर धरलेली आहे, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळ्यांची पट्टी आणतात. आज बघितलं तर ती डायक्लोफेनॅकचीच निघाली. डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, कारण ‘ते काय औषध आहे का’.

कॅम्पवाल्याला फोन केला. सॅम्पल घरून घेणार, दुपारपर्यंत कधीही. बर्फाचं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, बाटलीत पावडर असते.’ पावडर कसली ते माहीत नाही. पाच वर्षांचं विचारलं तर म्हणाला, ‘ते कंपनी बघते.’ ताई, मला अहोजाहो नको, मी २९ ची आहे.

पिपेटवाली

बरं, मग अगंच. पावडर असू शकते, आरएनए टिकवणारी द्रव्यं असतात, त्याला मी हसणार नाही. पण विकणाऱ्याला ती कसली हे ठाऊक नसेल, तर बाटली उन्हात राहिली हेही त्याला ठाऊक नसणार.

आता बाबांचा १.२ बघू. ०.९ वरून १.२, म्हणजे ऐकायला तीन दशांश. पण वय धरून २०२१ च्या सूत्रात घाल. ५५ व्या वर्षी ०.९ म्हणजे ईजीएफआर, किडनीचा गाळण्याचा वेग, साधारण १०१. ६१ व्या वर्षी १.२ म्हणजे साधारण ६९. सहा वर्षांत ३२ गुण गेले आणि रिपोर्टवर एक अक्षर ठळक झालं नाही! क्रिएटिनिनची हीच खोड. सुरुवातीला किडनी बरीच झिजते आणि आकडा जागचा हलत नाही, नंतर झिज थोडी आणि आकडा उड्या मारतो. शिवाय ते स्नायूंतून येतं, त्यामुळे बारीक माणसाचं क्रिएटिनिन खोटं चांगलं दिसतं.

तरी दोन बिंदूंवरून रेषा ओढू नको. वेगळी लॅब, वेगळी पद्धत, आदल्या रात्री मटण, एवढ्यानेही ०.१ हलतं. मधल्या वर्षांचे रिपोर्ट शोध. सगळी मुंबई रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकते, तिथेच असतील.

एसीआरसाठी सकाळी उठल्याउठल्याची लघवी, पहिली धार सोडून. ताप किंवा लघवीची जळजळ असेल तर थांबा. आदल्या दिवशी फार दगदग नको. पेनकिलर मी बंद कर म्हणणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार, पण पट्टी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा. मोबाइलवर फोटो दाखवू नकोस, पट्टीच दाखव.

संशयात्मा

म्हणजे शेवटी मीच बरोबर. नऊ वर्षं घालवून तुम्हीही होडीवरच आलात.

पिपेटवाली

नाही हो. होडी त्या कागदाची करा, विषयाची नका करू. हेपरिन तोडणारं एन्झाइम आहे, आम्ही नंतर ते वापरून सगळं परत केलं. लाल पेशी फुटल्या का, हे प्लाझ्मा ४१४ नॅनोमीटरच्या प्रकाशात धरून कळतं. चुका कळल्या म्हणजे काम पुढे गेलं. आयजीए नेफ्रोपॅथी म्हणून किडनीचा आजार आहे, तरण्याताठ्या पोरांना होतो. त्यात मिर-१४८बी वाढला की आयजीए या प्रतिपिंडावरची साखर नीट बसत नाही, असं २०१२ मध्ये इटलीतल्या लोकांनी दाखवलं. तिथे हा तुकडा नुसता खबऱ्या नाही, कारणातच हात आहे त्याचा. अशा ठिकाणी माझा जीव अजून अडकतो.

उलटंही सांगते. मिर-२१ ला अडवणारं औषध बनवलं होतं, लॅडेमिरसेन. आल्पोर्ट सिंड्रोम या किडनीच्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत झकास चाललं. माणसांतली चाचणी २०२२ मध्ये मध्येच थांबवली, फायदा होईल असं दिसेना. त्या दिवशी मी आणि माझी जुनी मैत्रीण फोनवर अर्धा तास नुसत्या ‘छे’ म्हणत होतो.

माझं म्हणणं एवढंच की मंडपातली टेस्ट केली आणि ‘धोका जास्त’ आलं, तर डॉक्टर काय सांगतील? साखर, बीपी, पेनकिलर, एसीआर करा. ‘धोका कमी’ आलं तर बाबा काय करतील? कागद उशीखालून काढून कंबरेची गोळी घेतील. दोन्हीकडून सहा हजार गेले.

ठाणे_लोकल

पण एसीआर वाढलेलं निघालं तर पुढे करायला काही असतं का? की नुसतं कळून बसायचं?

पिपेटवाली

असतं ना, आणि म्हणूनच मी त्याच्या मागे लागलेय. टेल्मिसार्टनच्या जातीची बीपीची औषधं जुनी आहेत. शिवाय डायबेटिसचीच म्हणून आलेली डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली. त्यांनी किडनीची झीज मंदावते, हे २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, २०२० च्या चाचणीत तर डायबेटिस नसलेलेही होते. पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव उतरला. द्यायची की नाही हे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, ठरवतील.

भांडुपची_लेक

दहा दिवसांनी येतेय. एसीआर आलं, १८६. नॉर्मल ३० च्या आत. ठळक अक्षरात.

रात्री झोप लागली नाही, पण खरं सांगू, आता काय करायचं ते कळल्यासारखं वाटतंय. नेफ्रॉलॉजिस्ट बाईंना दाखवलं. कपाटावरच्या पिशवीत मधले चार रिपोर्ट निघाले, क्रिएटिनिन हळूहळू चढलंय, उडी नाही. डायक्लोफेनॅकची पट्टी त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली, परत दिलीच नाही. कमरेसाठी पॅरासिटमॉल आणि फिजिओ. टेल्मिसार्टन लगेच सुरू, डापाग्लिफ्लोझिन दोन आठवड्यांनी रक्त बघून. एसीआर परत करायचंय, एका आकड्यावर शिक्का मारत नाही म्हणाल्या. मी स्मॉल आरएनएचा कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, ‘दहा वर्षांनी बघू.’

बाबांनी कॅम्पवाल्याला स्वतः फोन करून नाव काढलं. तो म्हणाला, पाच हजार द्या.

मुलुंडचे_नाना

टेल्मिसार्टन चालू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वर गेलं तर घाबरून गोळी बंद करू नका. मी केली होती, शहाणपणा करून. किती वर चालतं हे त्या बाईंनाच विचारा. आणि बाबा कडक उपास करतात का? त्या दुसऱ्या गोळीबरोबर निरंकार उपास नको म्हणतात.

भांडुपची_लेक

मंगळवार करतात, पण साबुदाणा खिचडी पोटभर, त्याला निरंकार कोण म्हणेल. तरी विचारते.

ताई, परत एसीआर द्यायचंय तेव्हा उपाशीपोटी न्यायचं का? मागच्या वेळी बाबांनी बाटली रात्रीच घरी आणून ठेवली, सकाळी भरली आणि लॅब उघडेपर्यंत फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी. आईने दही टाकून दिलं.

पिपेटवाली

उपाशीपोटी नको, चहा पिऊन जाऊ दे. फ्रिजमध्ये ठेवली ते बरंच केलं, दह्याला काही झालं नव्हतं. फक्त डब्यात घालून ठेवा. आणि बाटलीवर तारीख-वेळ मार्करने लिही, बॉलपेनने नको, ओलाव्याने अक्षर पुसतं आणि मग आमच्यासारख्या बायका काउंटरवर ओरडत बसतात.